पट्टीच्या कडेची भेग

गाडी पलटली आणि हे गेले, असं तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

गाडी आधी तुटली. मग पलटली.

मला हे वर्षभर माहीत होतं.

आज ह्यांना जाऊन एक वर्ष झालं. एक फोटो टाकून दोन ओळी लिहिणार होते. पण सकाळी सलीमभाईंचा फोन आला, म्हणून सगळंच लिहितेय.

हे आयुष्यभर बरखेड्याच्या कारखान्यात वेल्डर होते. चार चार बोटं जाड प्लेटा जोडायचे. रिटायर झाले आणि ग्वाल्हेरहून एक जुनी, दोन सीटांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार घेऊन आले. खालून पार गंजलेली.

मी म्हटलं, "अहो, घरात आधीच दोन म्हातारी आहेत."

"हिला पळवणार आहे मी."

पळवणार म्हणजे रेसमध्ये. शहराबाहेर एक जुनी धावपट्टी आहे, तिथे हौशी लोक जुन्या गाड्या घेऊन येतात.

अशा गाडीच्या पोटाखाली दोन लांब लोखंडी चॅनेल असतात, पन्हाळीसारखे एका बाजूने उघडे. त्यांना आडवे दांडे जोडलेले. झाली चॅसी. वळणावर ती थोडी पिळवटते आणि कुरकुरते.

ह्यांना ती कुरकुर सहन व्हायची नाही. "फ्रेम कशी पाहिजे? ताठ!"

म्हणून चॅनेलची उघडी बाजू जाड पट्टी लावून बंद केली. मागच्या चाकाच्या थोडं आधी पट्टी थांबवली, सरळ काटकोनात कापून.

मी दहावी झालेली. पुढचं सगळं वाचून वाचून शिकले. शेजारी खुर्ची टाकून, मांडीवर डिक्शनरी ठेवून मी ह्यांना इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचे. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पट्टीचं टोक सरळ कापू नका, माशाच्या शेपटीसारखं निमुळतं कापा. आणि सलग वेल्ड करू नका, जागा सोडत टाके मारा.

हे हसले. "सोडून सोडून टाके म्हणजे कामचोरी. आमच्या इन्स्पेक्टरनं फेकून दिलं असतं असं काम."

"अहो, जुन्या साडीला नवं जाड कापड जोडलं ना, की ठिगळ शाबूत राहतं. साडी ठिगळाच्या कडेनं फाटते."

"बाईसाहेब, ही साडी नाही. लोखंड आहे."

सलीमभाई तिथेच चहा पीत होते. ह्यांचे कारखान्यातले दोस्त. म्हणाले, "भाभी, दुनिया टूट जाएगी, इनका वेल्ड नहीं टूटेगा."

मी पुस्तक मिटलं.

मग गाडी पळायला लागली. कुरकुर पूर्ण बंद.

हे खूश. मला मात्र ती गप्प गाडी आवडली नाही. घरातलं कुरकुरणारं माणूस अचानक गप्प झालं की वाटतं ना, तसं वाटायचं.

तिसऱ्या रेसनंतर गाडी धुताना मला पट्टी संपते तिथे रंगावर एक तपकिरी रेघ दिसली. केसाएवढी. हाताने पुसली, गेली नाही.

"अहो, हे बघा जरा."

"रंग तडकलाय गं." ह्यांनी वरून ब्रश मारला.

रेघ दिसेनाशी झाली. मीही पुन्हा विचारलं नाही.

चौथ्या रेसला मी बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी होते. उजव्या वळणावर गाडीचा पुढचा भाग वळला. मागचा वळलाच नाही.

पुढचं लिहीत नाही.

गाडी घरी आली तेव्हा मी टॉर्च घेऊन वाकून पाहिलं. वेल्ड शाबूत होतं. त्याचा एक कणही हलला नव्हता. त्याला लागून असलेलं जुनं लोखंड फाटलं होतं, पट्टीच्या कडेनं, सरळ रेषेत. अर्धी भेग गंजून काळी पडलेली. अर्धी चकचकीत, ताजी.

म्हणजे आधीपासून होती.

भेटायला येणारे म्हणायचे, धावपट्टी खराब होती, टायर फुटला असेल, त्यांच्या कामात खोट निघणं शक्यच नाही. मी मान हलवायचे. माणूस गेला, निदान हाताचं नाव तरी राहू दे, असं वाटायचं.

आज सकाळी सलीमभाई म्हणाले, "भाभी, संडे को मैं दौड़ रहा हूँ. वसंत भाई के नाम पे."

त्यांच्याकडेही अशीच जुनी गाडी आहे, आणि तिची चॅसीसुद्धा ह्यांनीच ताठ केली आहे. त्याच महिन्यात. तशीच पट्टी, तसंच सरळ टोक, तसंच सलग वेल्ड.

मी फोनवर सगळं सांगितलं. काळी भेगसुद्धा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आप ग़म में हैं भाभी. उनके हाथ पे शक करूँ मैं? मुझसे नहीं होगा." आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

मुलगी म्हणते, "आई, बाबांबद्दल असं सगळ्यांसमोर नको लिहूस."

लिहायलाच हवं. कारखान्यातले तुम्ही सगळे इथे आहात. सलीमभाई माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

सलीमभाई, तुमचं म्हणणं खरं होतं. ह्यांचं वेल्ड तुटलं नाही. म्हणूनच सांगतेय, वेल्डकडे बघू नका. त्याच्या शेजारी बघा. रंग खरवडून बघा. आणि काही दिसलं नाही तरी रविवारी गाडी काढू नका.

त्यांच्या घराजवळ राहणाऱ्या कोणीतरी आजच जा. मीही निघतेच आहे.

अहो, आज तुमचं नाव मी खाली आणलं. तुमचा दोस्त घरी राहावा म्हणून.

रागावू नका. नमस्कार करते.