भटूला पसंत न पडलेल्या सायकली

लूमच्या खाली रोज थोडा थोडा कचरा साचतो. धाग्याची टोकं, तेलकट धूळ, कुणाची तरी हरवलेली बिडी. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण आठवड्याने झाडू मारला की पोतं भरतं. आमच्या खात्यातले किस्से असेच. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि लिंबायतच्या आमच्या खात्यात यंदा जे पोतं भरलं ते सगळं एका सायकलीचं आहे. ती सुद्धा अशी, की जी कुठेच जात नाही!

आधी माणसं सांगतो. मी फिटर. भटू आमचा मास्तर, म्हणजे लूम बिघडली की ज्याला हाक मारतात तो. आम्ही दोघेही धुळ्याकडचे, वीस वर्षं एकाच खात्यात. तिसरा मिलिंद, अकोल्याचा, ऑफिसात चलानं बनवतो. आमच्यात मोबाईलवर वाचून दाखवणारा तो एकटाच, म्हणून स्वतःला इंजिनियर समजतो.

होळीच्या नंतर एका दुपारी भटू दोन लूमच्या मधे खाली बसला. भटू बसला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय. वीस वर्षांत त्याला बसलेला मी पाहिला नव्हता, डबासुद्धा तो उभ्याने खातो. रिक्षात मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन गेलो. हार्ट अटॅक होता. नळीत स्टेंट टाकला, वाचला. पण तेव्हापासून माझंच चित्त ठिकाणावर नाही. तो चहा घ्यायला उठला तरी मी उठतो.

*

डॉक्टरांनी आधी आराम सांगितला. भटू आणि आराम!

चौथ्या दिवशी भटूच्या बायकोचा, संगीता वहिनींचा फोन आला, जरा घरी या. गेलो तर भटूने पान्हा घेऊन घरातला एकूण एक स्क्रू आवळला होता. दाराच्या कड्या, पंखा, पाटाचे पाय, शिलाई मशीन. खिडकी उघडेना. कुकरचा दांडा इतका आवळला होता की झाकण लागेना, आणि डाळ शिजायची राहिली होती. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, ह्यांना कामावर घेऊन जा नाहीतर पान्हा तरी घेऊन जा. मी पान्हा आणला.

*

मग डॉक्टरांनी सांगितलं की आता आराम पुरे. रोज वीस मिनिटं चालायचं, बोलता येईल एवढ्याच जोराने, आणि हळूहळू वाढवायचं. दोन महिन्यांनी दाखवायला यायचं. न चालता आलात तर मी रागावणार, असंही म्हणाले.

भटू पहिल्या दिवशी सकाळी निघाला. वीस मिनिटांचा माणूस दीड तासाने परत आला. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या दारात कुणीतरी धुळ्याचं, जळगावचं बसलेलं असतं. प्रत्येकाने थांबवलं, अटॅक कसा आला ते पहिल्यापासून ऐकलं, आणि चहा पाजला. साखर घालून. शेवटच्या घरी तर एका म्हाताऱ्या मावशीने त्याला धरून रडून घेतलं. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा असा पडला होता की मीच त्याला पंख्याखाली बसवलं.

फोनवर डॉक्टर म्हणाले, मग घरात सायकल आणा. तेव्हा मिलिंदने पहिल्यांदा 'एअर बाईक' हा शब्द काढला. पुढे पंखा असतो, पॅडल मारलं की तो फिरतो, जितक्या जोराने माराल तितकं जड होतं. हळू मारलं तर हलकं. हँडलही मागेपुढे होतं, त्यामुळे हातांनाही काम. भटूला आयडिया पटली. म्हणजे, पटल्यासारखं त्याने दाखवलं.

*

मिलिंदने चलानाच्या मागच्या बाजूला रकाने आखले. स्वस्तातली नको, ती तिसऱ्या महिन्यात टॉवेल वाळत घालायच्या कामाला लागते. त्याच्या साडूच्या घरी तसली आहे, टॉवेल मात्र छान वाळतात म्हणे. महागातली नको, ती जिममधल्या पैलवानांसाठी आणि दारातून आत येणार नाही. मधल्या भावातली घ्यायची. साखळीऐवजी पट्टा, वजनदार बूड, सीट मागेपुढे होणारं.

मग तो रिव्ह्यू वाचू लागला. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून बॉक्स उघडला नाही, पण छान आहे.' दुसऱ्याने एक तारा दिला होता, कारण डिलिव्हरीवाला उद्धट बोलला. मिलिंद कपाळाला हात लावून म्हणाला, "अबे, सायकल चालवलेला एक तरी मानूस हाय का याच्यात?"

म्हणून आम्ही दुकानं फिरायला निघालो.

*

पहिलं दुकान उधन्याकडे. एसी, काचा, टाईल्स चकाचक. सेल्समनने सायकल दाखवली आणि म्हणाला, बसा. भटू बसला नाही. तो पांढऱ्या शर्टात सरळ फरशीवर उताणा झोपला आणि सायकलीच्या खाली सरकला!

खालून त्याचा आवाज यायला लागला. क्रँक हलतोय. वेल्डिंग एका बाजूने कच्चं आहे. तेल कुठून द्यायचं? दुकानातलं एक जोडपं घाबरून बाजूला झालं, त्यांना वाटलं माणूस पडला. मला पण क्षणभर तेच वाटलं, खरं सांगतो, त्याचे फक्त पाय दिसत होते.

सेल्समन वाकून अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, चलाववानी छे, खोलवानी नथी."

भटूने नापास केली.

*

दुसऱ्या दुकानात मिलिंद हुशारी दाखवायला पुढे झाला. समोर लिहिलेलं होतं एअर बाईक, पण पुढे पंखाच नाही. एक जाड लोखंडी चाक आणि त्याला दाबणारं फेल्टचं पॅड. जास्त जोर पाहिजे तर वरची नॉब फिरवायची. मिलिंदने विचारलं, ह्याच्यात एअर कुठेय?

दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "हवा तो रूममां छे ने, साहेब."

मिलिंदने चलानावरचा तो रकाना तिथेच खोडला.

*

तिसऱ्या दुकानातली सायकल चांगली होती. मी फिटर आहे, मला कळतं. पंखा खरा, पट्टा घट्ट, बूड हलत नाही. भटू खाली सरकला, पंधरा मिनिटं शोधलं, काही सापडलं नाही. मग त्याला बसावंच लागलं.

हँडलवर पत्र्याच्या पट्ट्या होत्या. त्या धरल्या की समोर छातीचे ठोके दिसतात, असं सेल्समनने कौतुकाने सांगितलं. भटूने पॅडल मारलं. आकडा चढायला लागला. भटू त्या आकड्याकडे बघत होता आणि मी भटूकडे. आणखी थोडा चढला, तसा तो पाय टाकून उतरला. म्हणाला, सीट टोचतं.

सीट लोण्यासारखं मऊ होतं, मी हात लावून बघितलं.

परत येताना रिक्षात मिलिंद पुढे बसला होता. भटू छातीवर हात ठेवून, बाहेर बघत, माझ्याकडे न बघता बोलला. आम्ही एरवी खात्यात हिंदी-गुजराती काहीही बोलतो, पण हे तो घरच्या बोलीत बोलला. "जोरमा पळाले लागनं की माले वाटस, आते बंद पडी."

तिथून घरापर्यंत मी नुसता पाय हलवत बसलो. माणूस सायकलींमधे खोट काढत नव्हता, दिवस काढत होता, आणि डॉक्टरांकडे जायला तीन आठवडे उरले होते.

*

मी वहिनींना सांगितलं. त्या साड्यांवर टिकल्या चिकटवत होत्या, हात न थांबवता त्यांनी ऐकलं. मग एकच विचारलं, त्यावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का? म्हटलं, टेकतात. म्हणाल्या, तीच मागवा, ह्यांना विचारू नका.

खोका आला. दोघांचा मिळून चाळीस वर्षांचा अनुभव असलेले मी आणि भटू जोडायला बसलो. पुस्तिका वाचणं म्हणजे आमची बेइज्जती, ती मिलिंदकडे फेकली. तासाभराने एक पॅडल बसेना. आम्ही तेल घातलं, ठोकलं, कंपनीला शिव्या दिल्या. मिलिंद दोनदा काही बोलायला गेला, आम्ही त्याला गप्प केलं. शेवटी त्याने पुस्तिका आमच्या नाकासमोर धरली. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात आणि आम्ही डावं उजवीकडे लावत होतो. पॅडलवर तसं लिहिलेलं पण होतं!

खात्यात ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आधी पोहोचली.

*

सायकल उभी राहिली. आता भटूने नवीन शोध लावला. नवी लूम आधी चार दिवस रिकामी चालवतात, मग तिच्यावर माल घेतात. तसं ह्या मशीनलाही आधी दुसऱ्यांनी चालवून मोकळं करायला पाहिजे.

मग काय, मी चालवली. मिलिंदने चालवली. शेजारच्या मावशी पंख्याचा वारा लागतो म्हणून समोर येऊन भाजी निवडायला लागल्या आणि पॅडल थांबलं की ओरडायच्या. पंधरा दिवसांत मिलिंदची पॅन्ट कमरेतून सैल झाली. अटॅक भटूला आला होता!

*

आता शेवटचा. डॉक्टरांकडे परवा जायचं, अशी संध्याकाळ. मी आणि मिलिंद भटूकडे गेलो होतो. वहिनी सायकल चालवत होत्या आणि भटू तिच्या पुढच्या खांबाला कान लावून उकिडवा बसला होता. आमच्याकडे बेअरिंग असंच तपासतात, खात्याच्या गोंगाटात डोळ्यांनी काही कळत नाही, लोखंडाला कान लावायचा. भटू म्हणाला, आतून बारीक किरकिर येते, अजून दोन दिवस जाऊ द्या.

वहिनी थांबल्या. उतरल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "बठा."

तो बसला. पॅडल मारू लागला, अगदी हळू. पंखा फिरला. हातांनी पट्ट्या धरल्या होत्या, समोर आकडा चढू लागला. भटूच्या कपाळावर घाम आला, तो घाम कसला ते आम्हाला माहीत होतं. मिलिंदने पुढे होऊन खिशातला रुमाल त्या आकड्यावर टाकला. तरी भटूचे पाय मंद होत चालले.

ह्या वहिनी सायकल येईपर्यंत आमच्यासमोर कधी खुर्चीवरसुद्धा बसल्या नव्हत्या. चहा ठेवून आत जायच्या. त्या भटूच्या मागे गेल्या, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्याच्या घामेजलेल्या पाठीला कान लावला. डोळे मिटले. मी आणि मिलिंद भिंतीकडे बघायला लागलो.

भटूने पुढे बघतच विचारलं, "काय करी राह्यनी?"

"पाय थांबाडू नका," वहिनी म्हणाल्या. "माले ऐकू येस."