सव्वीस पावलं

आमच्या घरी लग्नाच्या पत्रिका फार यायच्या. त्यातल्या निम्म्या लोकांना आई ओळखतही नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर होते. आमच्या शहरात लग्नाची तारीख भटजींना विचारा नाहीतर भंतेजींना, हळद कधी लावायची ते व्हॉल्व्हवाल्याला विचारूनच ठरतं. घर पाहुण्यांनी भरलंय आणि नळ कोरडा आहे, या विचारानंच इथल्या बायकांची झोप उडते. मग मुलीचा बाप संध्याकाळी आमच्या दारात यायचा, चहा घ्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि उठता उठता हळूच विचारायचा, "आपल्या गल्लीला पाणी कोणत्या वारी येतंय हो?" अण्णा बोटांवर दिवस मोजून वार सांगायचे. तो वार चुकल्याचं मला आठवत नाही. लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवायचे आणि ते खाली मान घालून जेवायचे.

त्यांचं हत्यार एकच होतं. माझ्या तेव्हाच्या उंचीएवढी लोखंडी चावी, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि आटे मोजत फिरवायची. कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे, हे सगळं डोक्यात. बहुतेक व्हॉल्व्ह उजवीकडं फिरवले की बंद होतात, पण जुन्या शहरात काही डावे आहेत, ते उलटे बंद होतात. तेही डोक्यात. आणि जिथं डांबरावर डांबर चढून झाकणच गाडलं गेलं होतं, तिथं त्यांनी पावलं मोजून ठेवली होती. अमक्या कोपऱ्यापासून इतकी पावलं, मग खणा.

ही पावलांची सवय त्यांनी कन्नड तालुक्यातल्या गावाहून आणली होती. तिथं आजोबा बांध पावलांनीच मोजायचे. अण्णांचा टेपवर विश्वास नव्हता. "टेप ताणला का लांबतो, ढिला सोडला का आखडतो," ते म्हणायचे, "माणसाचं पाऊल तसं नाय करत." गुंठेवारीत प्लॉट घेतला तेव्हा घरसुद्धा त्यांनी पावलांनीच आखलं. हातात चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन ते सरळ चालत गेले. समोरची खोली सात पावलं लांब. गवंडी तोंडावर रुमाल धरून हसत होता. मी आठ वर्षांची होते आणि त्यांच्या पावलावर पाऊल ठेवायचं म्हणून फक्कीतून उड्या मारत होते, त्याबद्दल धपाटाही खाल्ला.

पुढं मी आरेखनाचा कोर्स केला आणि नकाशांच्या कामाला लागले. अण्णांना याची गंमत वाटायची. बाप जमिनीवर जे करत होता ते लेक कागदावर करते, असं ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे. आता कागदही गेला, सगळं कॉम्प्युटरवर. नवीन पाणीयोजना आली तशी आमच्याकडं शहराची एकेक पेठ नकाशावर चढवायचं काम आलं. रस्ते करडे, नव्या बागांच्या जागा हिरव्या, पाण्याच्या लाइनी निळ्या. करडा आणि हिरवा रंग भराभर भरला. निळा अडला. जुन्या लाइनी ज्यांना पाठ होत्या ती माणसं केव्हाच रिटायर झालेली, काही तर देवाघरी गेलेली. माझ्याकडचं माणूस मात्र रोज सकाळी ओट्यावर बसून पेपर वाचत होतं.

मी साहेबांना विचारलं आणि अण्णांना उसनं घेतलं. दोन महिने दर रविवारी आम्ही बापलेक स्कूटीवर हिंडलो. रिटायर होऊन बारा वर्षं झालेली, गुडघे कुरकुरणारे, पण रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार असायचे. नकाशा बघून शेरे मारायचे. "इथं बाग दाखवली का तुम्ही? खाली मोठी लाइन हाय. झाडाच्या मुळ्या पायपात घुसतील, मग बसा बोंबलत." मी हिरवा तुकडा पलीकडं सरकवायचे. गाडलेले व्हॉल्व्ह अकरा निघाले. अण्णा कोपऱ्याला टाच लावायचे, मोजत चालायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "हां, हितं." मी तिथं खूण करून नकाशावर निळा ठिपका टाकायचे. अकरा ठिपके. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मग शहागंजचा दिवस आला. जुनी लाइन तोडून नवीन लाइनीला जोडायची होती. त्याआधी जुन्या लाइनीचं पाणी थांबवणारा व्हॉल्व्ह बंद करायला हवा, आणि तो नेमका गाडलेल्यांपैकी होता. दुपारपर्यंत बंद झाला तर संध्याकाळी जोडणी होणार आणि उद्या ठरल्याप्रमाणं भागाला पाणी मिळणार. नाही तर जोडणीही रद्द आणि उद्याचं पाणीही हुकलं. लोक आठवडाभर वाट पाहून बसले होते. अण्णांनी मुद्दाम यायचं ठरवलं. "माझा व्हॉल्व्ह हाय त्यो," म्हणाले.

माझ्या ठिपक्यावर सकाळी नऊला खणायला सुरुवात झाली. डांबर फुटलं, खडी निघाली, माती निघाली. व्हॉल्व्ह नाही. कंत्राटदाराचा मुकादम लोखंड शोधायचं मशीन घेऊन फिरला, पण शहागंजात जमिनीखाली इतकं लोखंड पडलंय की मशीन पावलागणिक कोकलत होतं. अण्णा पुढं झाले. जुन्या दगडी हौदाच्या कोपऱ्याला टाच लावली आणि मोठ्यानं मोजत चालले. सव्वीस. पाय बरोबर खड्ड्याच्या काठावर. परत गेले, परत मोजलं. सव्वीस, तीच जागा. तिसऱ्यांदाही तेच. रस्त्यावरचे दुकानदार आता गिऱ्हाईक सोडून बघत होते.

"मॅडम," मुकादम माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चचा का उमर हो गया. भूल गए होंगे." तो हळू बोलला, पण त्याचं हळू म्हणजे पलीकडच्या फुटपाथपर्यंत ऐकू जाणारं. अण्णांनी ऐकलं. समोरच्या चहाच्या टपरीकडं जायला निघाले.

मी त्यांना सोडायला बरोबर चालले आणि चालता चालता दोनदा थांबले, कारण ते मागं राहत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. लहानपणी त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे मला पळावं लागायचं. त्यांचा शर्ट धरून मी धापा टाकत जायचे आणि ते मागं वळून म्हणायचे, "चल गं, काय मुंगीसारखी येतीस." आणि गेले दोन महिने मी त्यांच्यासाठी पाय आखडते घेत होते. दर रविवारी आखडते घेत होते आणि मला एकदाही जाणवलं नव्हतं. सव्वीस हा आकडा बरोबर होता. पाऊल लहान झालं होतं.

मला इतकं वाईट वाटलं की चहा सांगून मी तिथून निघालेच. त्यांना म्हटलं, ऑफिसातून एक कागद आणते. स्कूटी सरळ घरी आणली.

"टेपचं टोक धर," मी आईला म्हटलं.

आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. "का गं, घर इकायला काढलं का बापलेकीनं?"

"धर गं."

समोरच्या खोलीतलं टीपॉय सरकवून आम्ही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप लावला. साडेसतरा फूट. सात पावलं म्हणजे एक पाऊल अडीच फुटाचं. हे अण्णांचं पाऊल होतं, तिशी-पस्तिशीतलं, चुन्यानं जमिनीवर आखलेलं आणि वर विटा रचून जपून ठेवलेलं. आम्ही इतकी वर्षं त्यात झोपत होतो, जेवत होतो. आईनं माझं तोंड बघितलं आणि टेपचं टोक धरून तशीच उभी राहिली. "त्यांचं पाऊल आखडलंय व्हय?" ती म्हणाली. मी मान हलवली. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "देवळातून यायला दुप्पट टाइम लागतोय. पर मी बोलले नाय, तू बी बोलू नको."

सव्वीस गुणिले अडीच, पासष्ट फूट. शहागंजला पोचल्यावर मी हौदापासून खड्ड्यापर्यंत टेप धरला तर अंतर भरलं अठ्ठेचाळीस. अजून सतरा फूट पुढं जायला हवं होतं. मी खूण केली, मुकादमानं कपाळाला हात लावला, पण खणायला सांगितलं. मग मी टपरीवर आले. अण्णांचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"अण्णा, तुमचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "पूर्वी हौदाला पायऱ्या होत्या ना पुढं? रस्ता रुंद करताना त्या काढल्या. तुम्ही पायऱ्यांपासून मोजलं होतं, आता हौदापासून मोजलंत. म्हणून कमी पडलं."

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. "पायऱ्या," ते म्हणाले. "असतील." आणि बशीत चहा ओतून प्यायले.

तेवढ्यात तिकडं आरोळी उठली. दोन फुटांखाली लोखंडी झाकण लागलं होतं. मी अण्णांचा हात धरून गेले, चिखल बाजूला करून कामगारानं चावी आत बसवली आणि जोर लावला. चावी हलेना. दोघं लटकले तरी हलेना. "जाम है," मुकादम म्हणाला, "गया काम से."

"जाम नाय," अण्णा म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज मोठा झाला. "डावा हाय त्यो. तू उघड्याला उघडतोयस. उलटा फिरव. बारा आटे. शेवटचा हळू घे."

कामगारानं उलटा जोर लावला आणि चावी कुरकुरत फिरली. सगळे मोजायला लागले, दुकानदारसुद्धा. बाराव्या आट्याला ती थांबली आणि जमिनीखालचा पाण्याचा आवाज बंद झाला. मुकादम अण्णांचे दोन्ही हात हातात घेऊन "चचा, कमाल है," म्हणत राहिला. मला आनंदही झाला होता आणि रडूही येत होतं, म्हणून मी उगाच मोबाइलमध्ये बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी भागाला पाणी गेलं.

पण माझ्या नकाशावर अजून दहा ठिपके होते, सगळे आखडत्या पावलांचे. ते कसे दुरुस्त करायचे ते मी ठरवलं होतं: ऑफिसात बसून, गुपचूप. प्रत्येकाची पावलं मला पाठ होती. अडीचनं गुणायचं आणि ठिपका सरकवायचा. अण्णांना कळायचं कारण नव्हतं.

रविवारी सकाळी उठून बाहेर आले तर टीपॉय भिंतीला सरकवलेलं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या खोलीत चालत होते. भिंतीला टाच, मग मोजत पलीकडच्या भिंतीपर्यंत. मला पाहून थांबले नाहीत. भिंतीला पोचल्यावर वळले.

"साडेनऊ," ते म्हणाले. "सातचे साडेनऊ झाले."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"हौदाला पायऱ्या कधीच नव्हत्या, माय," ते म्हणाले. "आन् म्हणं सतरा फुटाच्या पायऱ्या. हौद व्हता का मकबरा?"

मी हसले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. ते खुर्चीत बसले, गुडघ्यावरून हात फिरवला. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला दिसत होतं, आणि ते लपवायची त्यांनी धडपड केली नाही.

"त्या बाकीच्या दहांचं काय करणार हाईस?"

"करते मी ऑफिसात."

"ऑफिसात कशाला? जागेवर जाऊन बघाय पाह्यजे." त्यांनी बोटानं भिंत दाखवली. "तितं टाच लाव. चाल."

मी टाच लावून चालले. माझं पाऊल तोकडं पडलं. "लांब टाक," ते म्हणाले. "आणखी. साडीत असल्यासारखी नको चालू. हां. एवढं व्हतं माझं." तीनदा जाऊन आले. चौथ्यांदा सातव्या पावलाला माझ्या पायाचा अंगठा भिंतीला लागला. आई दारात उभी राहून पदरानं तोंड पुसत होती.

दहांपैकी पहिला ठिपका औरंगपुऱ्यातला; तिथं त्या सकाळी दुकानं अजून उघडायची होती. अण्णांना मी बंद शटरपुढच्या पायरीवर बसवलं आणि कोपऱ्याला टाच लावली. "चाल तू," ते म्हणाले, "मी मोजतो." मी लांब लांब पावलं टाकत निघाले आणि मागून त्यांचा आवाज येत राहिला, एक, दोन, तीन. टेप माझ्या पिशवीतच होता. तो मी बाहेर काढला नाही.