टेपताईने न सांगितलेली गोष्ट

विद्यापीठाच्या तळघरात जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह होता आणि तिथे ती सव्वीस वर्षं कामाला होती. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं. बाकी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला टेपताई म्हणत. चार हजारांवर टेपा, चार मशीन, त्यातली दोन चालू, आणि एक खिडकी, जिच्यातून लोकांचे फक्त घोटे दिसत.

तिसऱ्या मजल्यावर ‘संस्कृती आणि तंत्रज्ञान’ केंद्र होतं. तिथे दरवर्षी बाहेरून एक पाहुणा संशोधक येई. सहा महिन्यांची पाठ्यवृत्ती, दोन खिडक्यांची खोली, दारावर पितळी पाटी, आणि शेवटी मोठ्या सभागृहात व्याख्यान. बारा वर्षांपूर्वी टेपताईनेही अर्ज केला होता. यंत्रासमोर बसल्यावर माणसाचा आवाज कसा बदलतो, हा तिचा विषय. सहा पानं तिने तीनदा लिहून काढली होती. कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज परत दिला आणि हसत सांगितलं, “ताई, पाहुणं व्हायचं तर आधी राजीनामा द्या.” नियमच तसा होता, नोकरीतल्या माणसाला पाठ्यवृत्ती नाही. तीही हसली. पानं मात्र तिने फाडली नाहीत.

त्या वर्षी जी पाहुणी आली ती बत्तीस वर्षांची असेल. तिचा विषय होता, टेलिफोन नवा असताना लोक त्यावर बोलायला कसे शिकले. विषय ऐकला तेव्हाच टेपताईला आपली सहा पानं आठवली. त्यातून पाहुणी आढ्यताखोर असती तर निदान मनमोकळेपणाने नावं तरी ठेवता आली असती. पण ती साधी होती. स्वतः दोन कप चहा घेऊन तळघरात उतरायची, ताई ताई करत शेजारी बसायची, मशीन पुसायला लागायची. टेप चढवायची कशी, वेग कसा जुळवायचा, हे टेपताईनेच तिला शिकवलं.

एकदा चहा पिताना टेपताई म्हणाली होती की फोनवर माणूस समोरच्याला बिचकत नाही, स्वतःच्याच आवाजाला बिचकतो. पंधरा दिवसांनी केंद्राच्या बैठकीत पाहुणीने तेच वाक्य मांडलं. “इथल्या एका कर्मचारी बाईंनी मला हे सुचवलं,” असंही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. संचालकांनी मान डोलावली, एका प्राध्यापकांनी वाक्य टिपून घेतलं. मागच्या रांगेत बसलेल्या टेपताईला ते ‘एका कर्मचारी बाईंनी’ जे झोंबलं, ते घरी गेल्यावरही उतरेना. तिचा नवरा शिंपी होता. मशीन थांबवून त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, “मग बोल की तिच्याशी.” काय बोलणार? माझं आयुष्य तू सहा महिन्यांसाठी नेसून फिरतेस, असं?

पुढच्याच आठवड्यात टेपताईने दोन दिवस रजा टाकली. दाताचं काम होतं. निघताना पाहुणीने एक डबा पुढे केला. चाळीस वर्षांपूर्वीची टेप, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर काम केलेल्या ऑपरेटर बाईची मुलाखत. तिच्या संशोधनाचा कणाच ठरेल अशी.

“ताई, तुम्ही नसताना ही लावली तर चालेल?”

टेपताईने डबा उघडला. वास आला आणि ती समजली. त्या बनावटीच्या टेपा ओल धरतात, चिकट होतात. तशीच मशीनवर चढवली तर वरचा तपकिरी थर सोलून निघतो आणि थरासोबत आवाजही जातो. आधी आठ तास मंद उष्णतेत वाळवावी लागते. त्यासाठी वनस्पतिशास्त्र विभागाने टाकून दिलेली पानं वाळवायची पेटी तिनेच तळघरात आणली होती. ही युक्ती विद्यापीठात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

“लावा की,” ती म्हणाली. “मशीन तर येतंच तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर तिने फोन तीनदा हातात घेतला. तिसऱ्यांदा तळघराचा नंबरही लावला आणि घंटा वाजण्याआधी ठेवून दिला. मग तिने उगाचच कपाट आवरायला काढलं.

रजा संपवून ती तळघरात आली तेव्हा पाहुणी मशीनसमोर बसली होती. मशीनच्या तोंडाला चिकट तपकिरी लेप. टेप किंचाळायला लागल्यावर तिने थांबवली होती, पण तोवर नऊ मिनिटं गेली होती. “माझ्याकडून वाटोळं झालं, ताई,” एवढंच ती म्हणाली. संचालकांनी लेखी खुलासा मागितला. तिने लिहिलं की हा सर्वस्वी माझा निष्काळजीपणा, संग्रहातल्या कुणाचाही दोष नाही. तीन आठवड्यांनी खुलाशाची प्रत फायलीत लावायला टेपताईकडेच आली. ती वाचताना तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

मग तिने उरलेली टेप रात्रभर पेटीत वाळवली आणि दुसऱ्या दिवशी लावली. आवाज स्वच्छ आला, पण मधल्याच एका वाक्यापासून. त्या काळी प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला माणूस आपलं नाव सांगत असे. तेच गेलं होतं. टेपच्या नोंदकार्डावर टेपताईच्याच तरुणपणीच्या अक्षरात फक्त लिहिलं होतं, ‘ऑपरेटर बाई’. नाव टेपवर आहेच म्हणून तेव्हा तिने ते उतरवलं नव्हतं. कार्ड भरताना तिने ती टेप पूर्ण ऐकली होती. आता डोकं धरून बसली तरी नाव आठवेना.

संध्याकाळी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. दोन खिडक्यांच्या त्या खोलीत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. पाहुणीने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, पेटीसकट.

पाहुणीने पुढे केलेली खुर्ची परत मागे सरकवली. मग म्हणाली, “एवढा राग होता माझा?”

“राग नव्हता. हेवा होता.”

“तीन आठवडे मी स्वतःला शिव्या देतेय, ताई.” तिचा आवाज चढला नाही. “तुम्ही खरं सांगितलंत, ते ठीक. पण आता खाली येऊन तुमच्याबरोबर चहा प्यायला मला जमणार नाही.”

टेपताईने संचालकांनाही लिहून दिलं. सेवापुस्तकात शेरा आला, आणि संग्रहाची दुसरी किल्ली ग्रंथालयात गेली. टेपा वाळवायची रीत तिला कागदावर उतरवून द्यावी लागली.

शेवटच्या व्याख्यानात पाहुणीने ती मुलाखत ऐकवली. सुरुवात नष्ट झाली आहे आणि उरलेली टेपताईंनी वाचवली, असं तिने सांगितलं, पूर्ण नावानिशी. एवढंच. का नष्ट झाली ते नाही. टाळ्या पडल्या. टेपताईनेही वाजवल्या. पण दिव्याखाली उभ्या त्या मुलीकडे बघताना तिला पुन्हा तोच हेवा वाटला. एका कबुलीने तो जाईल अशी तिची समजूत होती. ती फोल निघाली.

पाहुणी गेल्यावर टेपताई रविवारी टेलिफोन खात्यातल्या निवृत्तांची घरं शोधत फिरू लागली. सोबत छोट्या रेकॉर्डरवर उतरवलेला मुलाखतीचा तुकडा घेऊन. सहाव्या की सातव्या घरी दार उघडणाऱ्या बाईने पहिलं वाक्य ऐकलं आणि दाराची चौकट धरली. “ही आमची आत्या,” ती म्हणाली. “अशीच बोलायची, घरातसुद्धा. ‘थांबा, जोडून देते.’” मग तिने नाव सांगितलं, स्वयंपाकघरात नेऊन फोटो दाखवला.

नाव लिहिलेली चिठ्ठी टेपताईने दोन दिवस पर्समध्ये ठेवली. ते नाव पाहुणी लिहीत असलेल्या पुस्तकात छापून येणार होतं, आणि शोधलं होतं टेपताईने. त्यावर आपण स्वतःच एक लेख लिहावा, असंही मनात येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी तिने पाहुणीला पत्र टाकलं.

उत्तर महिन्याने आलं, दोन ओळींचं. नाव मिळालं, आत्याबाईंच्या घरचा पत्ताही कळवा. आभार वगैरे काही नव्हतं. टेपताईला जरा लागलंच. तरी तिने पत्ता लिहून पाठवला, आणि त्या टेपचं नवं कार्ड करायला घेतलं, नावासकट.