न भाजलेली भुकटी
रवा भाजायला घेतला की मला वर्ध्याच्या कॉलेजातली भट्टी आठवते. प्रोजेक्टसाठी, धातू कणखर व्हावा म्हणून, वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडची भुकटी मिसळायची होती. ओल राहिली तर धातूत भोकं पडतात, म्हणून ती आधी भाजायची. ते काम माझं. ढवळायला वडनेरहून येणारे म्हातारे मिस्त्री. मे महिन्याच्या उकाड्यात मी कंटाळलो आणि भुकटी तशीच आणून दिली. “भाजली ना, बाबू?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या धातूची ओतलेली कांडी ताण देऊन बघताना खटकन तुटली, आत नुसती भोकं. सर मिस्त्रींवर डाफरले, “नीट ढवळलं नाही तुम्ही.” मी कांडीचे तुकडे गोळा करू लागलो. मिस्त्री स्वतःचे तळवे बघत म्हणाले, “आता हात साथ देऊन नाई राह्यले.” पुढच्या वेळी ढवळणी त्यांनी आपणहून दुसऱ्याकडे दिली. माझा रवा अजूनही करपतो. भाजून झाला असं मला वाटतच नाही.