निघोज्याच्या खोलीतले दोघे

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि गेल्या महिन्यापासून जरा जास्तच. माझ्याबरोबर शेवटची चार वर्षं काम केलेले हवालदार गेल्या महिन्यात वारले. त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणून बसलो, तर वहीत आधी हीच केस उतरली. नावं कुणाचीच देत नाही. ज्या दोन समाजांचा यात संबंध आहे त्यांचीही नाही. नाव वाचलं की वाचणारा बाजू घेऊन बसतो.

चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराचा फोन वाजला. ईशान्येकडच्या एका राज्यातून एक गृहस्थ हिंदीत बोलत होते. त्यांचा पुतण्या आमच्या हद्दीतल्या एका कंपनीत प्रेसवर काम करायचा आणि निघोज्यात खोली घेऊन राहायचा. तीन दिवस त्याचा फोन बंद होता. खोलीतला जोडीदार त्याच राज्यातला, पण दुसऱ्या समाजाचा आहे आणि त्यानंच याला मारलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या राज्यात तेव्हा दोन समाजांत जाळपोळ चालू होती. हे मी पेपरात वाचत होतो. ते निघोज्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

बेपत्ता असल्याची तक्रार, म्हणजे मिसिंग, दाखल करून आम्ही खोलीवर गेलो. घरमालकीण जुन्या शेतकरी घरातली.

"भांडण? न्हाई बा," ती म्हणाली. "दोघं एका ताटात जेवत्यात. आमच्या सख्ख्या दिरांचं एवढं पटत न्हाई."

पण बेपत्ता मुलाचा फोन जोडीदाराच्या पेटीत कपड्यांखाली सापडला. बंद करून ठेवलेला. माझ्या हिशेबानं केस निम्मी सुटली होती. जोडीदाराला शिफ्टवरून चौकशीसाठी आणलं.

तोवर बातमी पसरली होती. बेपत्ता मुलाच्या समाजातली पंधरावीस मुलं ठाण्याच्या फाटकाबाहेर उभी होती, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या समाजातली. कुणी आवाज करत नव्हतं. त्या राज्यात दोन हजार किलोमीटरवर काय चाललं असेल याची कल्पना मला त्या शांततेवरून आली. इथं खुनाचा गुन्हा दाखल झाला असता, तर तिथं त्याची वाट बघणारे पुष्कळ होते.

जबाबात त्रुटी राहू नये म्हणून मी दुभाषी मागवला. तळवड्याच्या आयटी पार्कमधला, त्याच राज्यातला, शिकलेला, नम्र तरुण. तो समोर बसला आणि जोडीदारानं मान खाली घातली. तीन तास एक शब्द नाही. मित्र कुठंय, फोन तुझ्याकडं कसा, शेवटचं कधी बघितलंस. काही नाही. गप्प बसणारा माणूस गुन्हेगार वाटतो, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. मीही तेच धरून चाललो होतो.

हवालदारांनी मला व्हरांड्यात बोलावलं. ते मावळातले. नोकरीत तीस वर्षं काढूनही बोली बदलली नव्हती.

"साहेब, गाडीतनं आणला तवा ह्यो बोलत हुता की. हिंदी चांगली येती त्याला. ह्यो दुभाषा आल्यापासनं गप झालाय."

"मग?"

"आपल्याकडं भावकीत तंटा आसला, आन् पंच म्हणून समोरच्याचाच चुलता आणून बसवला, तर कोण तोंड उघडंल?"

मी दुभाष्याला बाहेर घेतलं आणि तो कोणत्या समाजाचा ते विचारलं. तो बेपत्ता मुलाच्या समाजाचा निघाला.

"सर, ये पहले पूछना चाहिए था," तो हळू आवाजात म्हणाला. "मैं बाहर बैठता हूँ।"

फॉर्मवरचं राज्य एक, म्हणून माणसं एक, असं मी धरलं होतं. चूक माझीच होती.

हवालदारांनी त्या पोराला ठाण्यामागे नेलं, जप्त केलेल्या मोटरसायकली गंजत पडलेल्या असतात तिथं. आपला डबा उघडला. मी खिडकीआड उभा होतो.

"खा. मेथीची भाजी हाय. तुमच्याकडं मिळती का मेथी?"

"नहीं काका।"

"मग जगता कसं रे तुमी?"

पोरगं किंचित हसलं. अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "काका, बता दूँ तो कागज़ पे लिखोगे?"

"ते साहेब ठरवतील. पर त्यो जित्ता हाय का न्हाई, एवढं तरी सांग."

"ज़िंदा है।"

मग सगळं बाहेर आलं. बेपत्ता मुलाला गावाकडून रोज फोन येत होते. परत ये, बंदूक घे, गावाच्या पहाऱ्यावर उभा राहा. आणि त्याआधी त्या खोलीतून बाहेर पड. त्याला यातलं काहीच करायचं नव्हतं. शेवटी चुलते स्वतः न्यायला येतो म्हणाले, तेव्हा त्यानं फोन बंद करून मित्राकडे दिला आणि तो काळेवाडीत एका सहकाऱ्याच्या घरी जाऊन राहिला. दुभाष्यासमोर पत्ता सांगितला असता तर ती बातमी संध्याकाळपर्यंत गावी पोचली असती, अशी या पोराची भीती. दुभाषी भला माणूस होता, पण ते याला कुठून कळणार?

मी पुढं होऊन विचारलं, "तुझ्यावर खुनाचा आळ आला असता. कळत होतं ना?"

"इल्ज़ाम तो हट जाता, सर," तो म्हणाला. "वो चला जाता तो वापस नहीं आता।"

आम्ही साध्या कपड्यांत त्याला घेऊन काळेवाडीला गेलो. सहकाऱ्याची आई परभणीकडची. दारातच अडवलं.

"पोलीस हाव? मग आधी चपला काढा, मग इचारा. लेकरू तापानं फणफणलंय. काय गुन्हा केलाय त्यानं?"

काहीच नाही, असं सांगितल्यावर तिनं आत घेतलं.

मुलगा सज्ञान होता. सज्ञान माणूस स्वखुशीनं राहत असेल तर तो सुखरूप आहे एवढं घरच्यांना कळवायचं. पत्ता सांगायचं बंधन नसतं. व्हिडिओ कॉल लावायचं ठरलं. मी नंबर फिरवणार तेवढ्यात हवालदार उठले आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून पालथं ठेवलं. त्याच्यावर काळेवाडीतल्या किराणा दुकानाचा पत्ता छापलेला होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

चुलते बराच वेळ बोलले. मुलगा फक्त मान हलवत होता. मग तिकडं फोन मुलाच्या आईकडे गेला. ती आवाज बारीक करून काहीतरी बोलली. मुलगा आमच्याकडे वळून म्हणाला, "पूछ रही है, वो दूसरा ठीक है ना।" उत्तर न देता त्यानं फोन मित्राकडे वळवला. बाईंनी क्षणभर बघितलं, हात जरा वर केला, आणि फोन बंद झाला.

ठाण्यात परतल्यावर हवालदारांनी आपल्या सुंदर अक्षरात डायरीत लिहिलं: 'सदर इसम सुखरूप असून स्वखुशीने राहत आहे. पत्ता उघड करण्यास नकार.' दुभाषी स्वतः फाटकाबाहेर गेला. आधी आपल्या समाजातल्या मुलांशी बोलला, मग रस्ता ओलांडून टपरीवरच्या मुलांशी. अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला.

राष्ट्रीय एकात्मतेची शपथ मी नोकरीत दरवर्षी घेतली आणि दिलीही. ती मनापासूनच होती. पण सगळे एकच आहेत असं म्हणताना समोरचा कोण आहे, कुणाला घाबरतो, हे विचारायचं मी टाळत होतो. हवालदारांनी ते भावकीवरून ओळखलं. माणसं वेगळी आहेत हे मान्य करून मगच त्यांनी डबा उघडला होता.

हवालदारांचा दहावा नदीकाठी झाला. आमच्याकडं श्रद्धांजलीच्या वेळी माईकवाला एकेका गावाचं नाव घेतो आणि त्या गावातर्फे एकजण दोन शब्द बोलतो. मागच्या रांगेत ते दोघे शेजारी शेजारी बसले होते. मला माहीत होतं, गावी जायचं तर अजूनही दोघांना वेगवेगळ्या वाटांनी जावं लागतं. माईकवाल्याला ते पाहुणे वाटले असावेत.

"पाव्हणं, तुमचं गाव?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग ज्याच्यावर आम्ही खुनाचा संशय घेतला होता, तो उठून उभा राहिला.

"निघोजे," तो म्हणाला.

माईकवाल्यानं तसंच पुकारलं.