पंधरावा माणूस

बिशप वाघचौरे कुठेही शिरले की आधी डोकी मोजत. निवृत्त होऊन ते हैदराबादेत तारनाक्याला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण होता. प्रसादाला आले आणि नमस्काराआधी म्हणाले, "बावीस! आमच्या चर्चमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी एवढे जमत नाहीत हो, जाधव." मी मोजून पाहिले. बावीसच होते.

जालन्याकडच्या खेड्यात ते पाळक म्हणून लागले. पुढे सिकंदराबाद, आणि शेवटची नऊ वर्षे बिशप. प्रवचन अकरा मिनिटांचे. "बाराव्या मिनिटाला लोकांना बिर्याणी आठवते," म्हणायचे. पदावर असताना त्यांनी एक परिपत्रक काढले होते: ज्या भाषेच्या उपासनेला सलग तीन रविवार पंधरापेक्षा कमी माणसे येतील, ती बंद करून तेलुगू उपासनेत मिळवावी. अशा चार बंद झाल्या. कुणी रडत आले की ठरलेले उत्तर, "देव भाषा बघत नाही."

आता ते स्वतः सिकंदराबादच्या मराठी उपासनेला जाऊ लागले. त्यांना धरून बरोबर पंधरा. मग एक आजोबा वारले. दोन रविवार चौदाच भरले, आणि तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बिशपांनी आमची बेल वाजवली.

"उद्या सकाळी रिकामे आहात?"

"बिशपसाहेब, मी हिंदू आहे."

"हौ, ठाऊक आहे. नुसतं बसायचं."

गेलो, शेवटच्या बाकावर बसलो. हजेरी घेणारा राजू वही घेऊन फिरला आणि बिशपांकडे बघून खुशीत ओरडला, "पंद्रा पूरे, अय्यगारू!"

बिशप उठले. माझ्याकडे बघेनात. "ते माझे शेजारी आहेत. पाहुणे. चौदा लिही."

पुढच्या बाकावरच्या सुलोचनाबाई वळल्या. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नियम माझाच आहे, बाई."

"मग तुमच्यापुरता पाळायचा होता. आम्हाला कशाला ओढलंत?"

राजूने चौदा लिहिले.

मराठी उपासना बंद झाली, आणि पुढच्या रविवारपासून बिशप तेलुगू उपासनेला जाऊ लागले. तिथे तीनशेवर माणसे असतात. एकदा जिन्यात मी विचारले, "तेलुगू नीट समजतं ना?"

"तीस वर्षं तेलुगूत प्रवचनं दिली, जाधव. सगळं समजतं." कुलपात किल्ली घालून ते थांबले. "मराठीत समजून घ्यावं लागत नव्हतं."