आधीचा फोटो

तिला सगळे ताईच म्हणत. भाऊ म्हणे, भावजय म्हणे, गिऱ्हाइकं म्हणत, आणि दातांच्या दवाखान्याच्या दारावर बसणारा रखवालदार तिच्याहून चांगला दहा-बारा वर्षांनी मोठा असून तोही म्हणे. गालिचे, सोफे, खुर्च्या आणि फरश्या धुवून देणं हे तिचं काम. नव्या घरी गेली की ती आधी गालिच्याकडे बघतच नसे. खिडक्या किती आणि कुठे आहेत ते बघे. "धुणार मी, पण वाळवणार वारा," असं म्हणून खिडकी उघडायची, मग गुडघ्यांवर बसून गालिच्याचा एक कोपरा उलटा करायचा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग सुटतो का ते पाहायचं. गिऱ्हाईक घाईत असलं तरी हे ती टाळत नसे.

काम तिने एकटीने सुरू केलं होतं. बादली, ब्रश आणि कुणाकडून तरी मागून आणलेलं पाणी ओढायचं मशीन. धाकटा भाऊ नंतर आला. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता, त्यामुळे ताईचं अर्धं बालपण त्याला कडेवर घेऊन गेलं. गुटगुटीत म्हणून घरात त्याला ढब्बू म्हणत. पुढे तो वाळून काटकुळा झाला तरी नाव काही वाळलं नाही. एकाही नोकरीत तो टिकला नाही. साहेबाशी बोलायला लागला की साहेबच बनायचा. शेवटी ताई म्हणाली, "ये माझ्याबरोबर. तुझं तोंड चालतं, माझे हात चालतात. दोघं मिळून एक धड माणूस होईल."

आणि झालंही तसंच. ढब्बू बोलून कामं आणू लागला, आधी घरांची, मग ऑफिसांची. मशीन स्वतःचं झालं, व्हॅन आली, हाताखाली माणसं आली. व्हॅनवर नाव भावाचं लागलं. कुणी टोकलं तर ताई म्हणे, "माझं नाव लावून काय, मी काय व्हॅन चालवते?" तिला खरंच काही वाटत नसे.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. फार टापटिपीचा माणूस. दुकानात एकटा बसलेला असला तरी बाह्या गुंडाळायचा नाही, आणि हात धुतल्याशिवाय घरच्या चहाच्या कपालाही शिवायचा नाही. त्याला अर्धांगाचा झटका आला. आतली खोली अंधारी होती, म्हणून त्याला बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, सोफ्यावर निजवायचं ठरलं. सोफा रुंद होता, राखाडी-हिरव्या कापडाचा. थोडे दिवस म्हणून निजवलेला माणूस तिथेच राहिला. औषध सांडे, दूध सांडे, आणि जे आवरणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं तेही त्याच कापडात उतरे. ताई पुसायची, धुवायची, पण सतत माणूस निजलेला सोफा धुणार तरी किती. चांगल्या हाताने तो सोफ्याचा हात घासत बसे. तिथलं कापड विरलं, तेव्हा तिने जुन्या कोटाचा तुकडा लावून टाके घातले.

दार वाजलं की तो जड जिभेने एकच शब्द बोले, "चादर." ताई लगेच सगळ्यावर स्वच्छ चादर पसरे आणि मगच दार उघडे. पाहुणा आला, शेजारी आला, डॉक्टर आला, तरी चादर. फक्त भावासाठी दार तसंच उघडलं जाई. तो मेव्हण्याला उचलून बसवायचा, त्याची दाढी करायचा. नवऱ्याने त्याच्यासमोर कधी चादर मागितली नाही.

नवरा गेल्यावर गावभरचे सोफे धुणाऱ्या त्या बाईला घरातल्या सोफ्याला हात लावता येईना. ब्रश घेऊन बसायची आणि तशीच उठायची. एका सकाळी भाऊ मशीन घेऊन आला. "तू आत जाऊन पड," म्हणाला. "हे मी बघतो." ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. बाहेर बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने भाऊ दारात येऊन म्हणाला, "ताई, आत स्पंजपर्यंत उतरलंय. निघणार नाही. घेऊन जातो आणि टाकून देतो. चालेल ना?" तिने मान हलवली. शेजारणीला ती नंतर म्हणाली, "सख्खा मुलगा करणार नाही ते माझ्या ढब्बूने केलं." बाहेरच्या खोलीत सोफ्याची जागा रिकामी राहिली आणि ती पुन्हा कामाला लागली.

दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या धुवायचं काम नेहमीचं होतं. त्या दिवशी रोगी यायच्या आधी ती आपलं सामान मांडत होती. काउंटरवरची बाई बोलकी. तिने काचेखाली ठेवलेला एक रंगीत कागद बाहेर काढला.

"ताई, तुमची नवी जाहिरात काय जोरदार आहे हो. माझ्या बहिणीने बघून लगेच फोन लावला."

ताईने अशी जाहिरात पाहिली नव्हती. ती भावाची बाजू. तिने हात पुसले आणि कागद घेतला. दोन फोटो होते. एकावर 'आधी', एकावर 'नंतर'. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'एवढी घाणसुद्धा आम्ही काढतो.'

आधीच्या फोटोत राखाडी-हिरवा सोफा होता. त्यावर सगळे डाग, मधोमध माणसाच्या अंगाने पडलेला खोलगट भाग, आणि हातावर कोटाच्या तुकड्याचं ठिगळ. टाके तिचेच होते.

"काय माणसं असतात," काउंटरवरची बाई म्हणाली. "असं घर ठेवून राहवतं कसं, नाही?"

"असतील कुणीतरी," ताई म्हणाली.

तिने खुर्च्या धुतल्या. एकही सोडली नाही. कागद मात्र परत द्यायचा राहिला. तो घडी करून तिने पिशवीत टाकला होता.

भावाने नवं ऑफिस थाटलं होतं. ताईला तिथे जायची कधी वेळ आली नव्हती, ती गोदामातून परस्पर कामावर जाई. दुपारी ती जिना चढून वर गेली. टेबलामागे भावजय फोनवर बोलत होती, भाऊ कुणा गिऱ्हाइकाशी हसत होता. तो गृहस्थ चहा पीत बसला होता, आणि बसला होता तो त्याच सोफ्यावर. कापड नव्यासारखं दिसत होतं. ठिगळाच्या जागी आता नवी पट्टी बसवली होती.

गिऱ्हाईक जाईपर्यंत ताई दाराशी उभी राहिली. मग तिने घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला.

भावाने एक नजर टाकली आणि खुर्ची पुढे केली. "बस ना, ताई."

"टाकून दिला म्हणाला होतास."

"टाकणारच होतो. पण इथे आणून एकदा नेटाने धुतला, तर चांगला निघाला. तुला उगाच त्रास नको म्हणून बोललो नाही."

"आणि फोटो?"

"अगं, त्यात तोंड दिसतंय का कुणाचं? नाव आहे का? कोण ओळखणार?"

"मी ओळखला."

भावजय फोन ठेवून म्हणाली, "ताई, मी यांना म्हटलं होतं, एकदा विचारा म्हणून. पण खरं सांगू का, त्या फोटोमुळे जेवढी कामं आली तेवढी कधी आली नव्हती."

"गिऱ्हाइकाच्या घरचा फोटो लावायचा तर परवानगी मागावी लागते," भाऊ म्हणाला. "कटकट असते. हा आपल्या घरचाच होता."

"आपल्या घरचा होता म्हणूनच तुला दिसला," ताई म्हणाली. "दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी दिसू दिला नाही. विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे ठाऊक होतं तुला."

आवाज चढवून भांडायला ती आली असती तर त्याने तिला बोलून बोलून गुंडाळलं असतं. तो त्याचा हातखंडा होता. पण तिने गोदामाची किल्ली काढून कागदावर ठेवली. ती निघाली तेव्हा तो मागे आला. "आजच काढून टाकतो फोटो. आणि सोफा, सोफा घरी पाठवू का?"

"नको," ती म्हणाली. "तो आता तुमच्या ऑफिसचा आहे."

'तुमच्या' म्हणजे आपल्या दोघा नवरा-बायकोच्या, असं त्याला वाटलं.

फोटो त्याने जाहिरातीतून खरंच काढून टाकला. पण वाटलेले कागद थोडेच परत येतात? ताईला ते पुढे कितीतरी दिवस दिसत राहिले, कुणाच्या फ्रिजवर, कुणाच्या लिफ्टमध्ये. तिने सोफ्यांची कामं घेणंच बंद केलं. एका वाचनालयात आणि एका शाळेत फरश्या घासायचं काम धरलं. वाकून फटींतला मळ काढताना तिची कंबर धरायची, पण तिथे कुणाचं घर नसे.

भाऊ महिन्यात एखादी चक्कर मारी. ती दार उघडून म्हणे, "या. बसा." पहिल्यांदा त्याला ती थट्टा वाटली. दुसऱ्यांदा तो हसला नाही. "तुम्ही चहा घेणार ना?" असं तिने विचारलं तेव्हा तो रडकुंडीला आला. "ताई, शिव्या दे. थोबाडीत मार. पण अहो-जाहो करू नकोस गं."

"मुद्दाम नाही करत," ती म्हणाली. "तोंडातून 'तू' येतच नाही. मी प्रयत्न करून बघितला."

मग भावजयीच्या पोटाचं ऑपरेशन झालं. घरी करणारं कुणी नव्हतं. निरोप न येताच ताई दवाखान्यात गेली आणि भावजय हिंडू-फिरू लागेपर्यंत रोज जात राहिली. वेणी घातली, कपडे बदलले, आडोसा करून अंग पुसून दिलं. भावजय एकदा तिचा हात धरून म्हणाली, "ताई, यांना माफ करा हो." ताईने पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, "पाणी देऊ का?"

भाऊ बाकावर बसला होता, सकाळपासून उपाशी. ताईने डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला.

"तुम्ही जेवून घ्या," म्हणाली, आणि भावजयीच्या उशाशी जाऊन बसली.